'मूळ स्वरूपातील' गाडीचे डावे दार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण जुन्या मोटारींच्या मेळाव्याचे पानभर फोटो छापले आहेत. त्यातल्या चौथ्या फोटोखाली ओळ आहे, 'मूळ स्वरूपात जतन केलेली १९६४ ची एमजीबी स्पोर्ट्स कार'. गाडी एमजीबी आहे, हे खरे. १९६४ ची आहे, हेही कागदोपत्री खरे. 'मूळ स्वरूपात' मात्र ती नाही. हे मी घरी बसून, चहा पिता पिता फोटो पाहून म्हणत नाही. ही गाडी मी ओळखतो. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी तिच्याखाली पाऊण तास उताणा पडलो होतो आणि घरी आल्यावर त्याबद्दल बोलणीही खाल्ली होती.

रद्दीत गेला नसेल तर तो अंक काढून पाहा. गाडीची डावी बाजू समोर आहे. दाराच्या कडीला अंगठ्याने दाबायचे बटण दिसेल. एमजीबी इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे तयार होत होती. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, आणि लांबून सगळ्या एकीसारख्या दुसऱ्या दिसतात. घोटाळा होतो तो तिथेच. सुरुवातीच्या गाड्यांची कडी बोटे घालून बाहेर ओढायची असे. बटणाची कडी आली १९६५ मध्ये. कडीबरोबर आतले कुलूपही बदलले, म्हणजे हे काही दोन स्क्रू काढून करायचे काम नव्हे. तेव्हा १९६४ च्या गाडीवर बटणाची कडी दिसली की समजायचे, अख्खे दारच दुसऱ्या गाडीचे आहे.

पुढची जाळीही पाहा. मधमाशीच्या पोळ्यासारखी काळी जाळी १९७२ नंतरची. १९६४ ला तिथे उभ्या चकचकीत पट्ट्या हव्यात. पण जाळी बोल्टवर बसते. एखाद्याला जी मिळाली ती त्याने लावली असेल, तेवढ्यावरून कोणाला फासावर देऊ नये. दार मात्र पत्र्याचे आहे, आणि पत्र्यातले मला थोडे कळते.

पिंपरीच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षे प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग घडवण्याच्या विभागात, काढली. शेवटची काही इन्स्पेक्शनला. तिथे आम्ही हातात सुती मोजा घालून पत्र्यावरून तळवा फिरवत असू. डोळ्याला न दिसणारी लहर तळव्याला लागते. ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. लग्नकार्यात कोणाची नवी गाडी दारात उभी असली की माझा हात आपोआप तिच्या दारावरून फिरतो, आणि आमच्या घरच्यांना शरमेने मान खाली घालावी लागते.

माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो. त्याला उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स गाडी घ्यायची होती. पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या पुढे, उसाच्या शेताला लागून एका व्यावसायिकाची पत्र्याची शेड आहे, तिथे ही एमजीबी विकायला होती. "मामा, तू फक्त बरोबर चल, बोलू नकोस," अशी अट होती. सांगितलेली किंमत मी इथे लिहीत नाही. एके काळी तेवढ्यात कोथरूडला बंगला झाला असता.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी नुकतीच धुतलेली होती. ओल्या पत्र्यावर सगळेच चकाकते. मी फडके मागितले आणि स्वतः पुसली. विक्रेता म्हणाला, "काका, आधी इंजिन तर ऐका. हाफ सेल्फ आहे." भाच्याने किल्ली फिरवली, इंजिन खरोखर अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाले, आणि पोराचा चेहरा असा उजळला की व्यवहार तिथेच होतोय की काय असे मला वाटले.

इंजिनाची मला काळजी नव्हती. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन म्हणजे आपल्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये जे १४८९ सीसीचे येत असे, त्याच घराण्यातला थोरला भाऊ. बिघडले तर जुन्या मेकॅनिकला हात घालता येतो, पार्ट मागवता येतात, फार तर खर्च होतो. पत्र्याचे तसे नाही. या गाडीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचे खोकेच सगळा भार घेते, आणि वर छप्पर नसल्यामुळे तो भार येतो दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ तुळयांवर. गॅरेजमध्ये त्यांना सिल म्हणतात. घराला जसे जोते, तसे या गाडीला सिल. तिथे कोणी काही करून ठेवले असेल तर वरचा रंग कितीही झुळझुळीत असो.

शेडमध्ये छताला एक लांब ट्यूबलाइट होती. ती मी लावायला सांगितली आणि पुढच्या चाकाशी उकिडवा बसून तिचे प्रतिबिंब गाडीच्या कुशीवर पाहिले. पुढच्या मडगार्डवर नळी सरळ. दारावर आल्यावर ती सापासारखी वळवळली. मागच्या मडगार्डवर तर तिचे तुकडे झाले. या गाडीच्या कुशीला पुढून मागपर्यंत एक चकचकीत पट्टी असते. ती मडगार्ड, दार आणि पुन्हा मडगार्ड अशी एका दोरीत जायला हवी. डाव्या दारावर ती दोन-अडीच मिलिमीटर खाली उतरत होती आणि पुढे परत चढत होती. आपल्या फोटोतही भिंग लावले तर दिसते. मी लावले.

मग मी खिशातून लोहचुंबक काढले. घरच्या फ्रिजवर अष्टविनायकाच्या सहलीतून आणलेला गणपती आहे, तोच रुमालात गुंडाळून नेला होता. रुमाल अशासाठी, की रंगावर चरा पडून उगाच भांडण नको. गणपती पहिल्यांदा बॉनेटला लावला. तो घसरून थेट खाली. भाचा पांढराफटक. "फायबर?" त्याने विचारले. मी म्हटले, "नाही रे, हे अ‍ॅल्युमिनियम." साधारण १९६९ पर्यंतच्या एमजीबीला बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचेच येत असे, पोलादी नंतर आले. म्हणजे जिथे चुंबक चिकटले नाही तो पत्रा अस्सल निघाला. याच गाडीला चुंबक बॉनेटवर चिकटले असते तर मला शंका आली असती. इंटरनेटवर 'चुंबक लावून पाहा' एवढेच वाचून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कुठला भाग कशाचा होता ते माहीत नसेल तर चुंबक काही सांगत नाही.

मागच्या डाव्या मडगार्डवर मात्र गणपतीने साफ नकार दिला, आणि तिथे पोलादच हवे होते. चाकाच्या मागे तळहाताएवढ्या जागेत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली होती, आणि बोटाने ठोकल्यावर आवाज लाकडासारखा येत होता. मी डिकी उघडली, गालिचा बाजूला केला आणि मडगार्डच्या आतल्या बाजूने हात घातला. बोटाला एक लांबट तुकडा लागला, भोवती झाळेचा खडबडीत कंगोरा. हात तसाच ठेवून मी थोडा वेळ विचार करत राहिलो. एमजीबीला तिथे भोक असायचे कारण काय?

मग आठवले. अमेरिकेत १९६८ पासून नव्या गाड्यांच्या कुशीला, पुढे आणि मागे, छोटे दिवे किंवा रिफ्लेक्टर सक्तीचे झाले. एमजीबी सर्वांत जास्त खपली ती अमेरिकेतच, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या नंतरच्या गाड्यांच्या मडगार्डांना ती भोके आली. पुढे त्या गाड्या मोडीत निघाल्या आणि पत्रे जगभर पांगले. म्हणजे मांजरीच्या शेडमधल्या या गाडीची डावी मागची बाजू कधी काळी अमेरिकेत फिरलेली होती. खरे सांगतो, क्षणभर मला त्या पत्र्याचे कौतुकच वाटले.

त्यानंतर मी रंग शोधायला लागलो. वरून गाडी लालभडक आहे. पण रंगारी जिथे पोचत नाही तिथे गाडी खरे बोलते. सीटमागच्या गालिच्याखाली, जिथे या गाडीच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसतात, त्या खळग्याच्या कडेला फिकट निळा रंग होता. कारखान्याच्या यादीत 'आयरिस ब्लू' म्हणून एक निळा आहे, तो असाच. डाव्या दाराच्या बिजागरीजवळ नखाने खरवडले तर लालखाली पांढरा. अमेरिकन मडगार्डच्या आत हिरवा. एका गाडीत मला तीन गाड्या भेटल्या.

शेवटी मी खाली पडलो. उजव्या सिलच्या कडेला स्पॉट वेल्डिंगचे ठिपके एका अंतरावर, ओळीने, कारखान्यातून आल्यासारखे. डाव्या बाजूला ठिपकेच नाहीत. सपाट पत्रा घडी घालून बसवलेला, मधूनमधून वेल्डिंगचे गोळे, आणि त्यावर काळा अंडरकोट असा जाड फासलेला की ब्रश बुडवून नव्हे, डबाच उपडा करून लावला असावा. मी विक्रेत्याकडे जॅक मागितला. तो जरा रेंगाळला, पण दिला.

दार बंद करून दाराच्या मागच्या फटीत, वरच्या टोकाला मी एक पोस्टकार्ड अडकवले. (पोस्टकार्डे माझ्याकडे असतात. संपादकांना पत्रे लिहिणारी आमची पिढी त्यांच्यावरच वाढली.) कार्ड घट्ट बसले होते. सिलच्या मध्यावर जॅक लावून दांडा फिरवायला लागलो. सिल धड असते तर गाडीची ती बाजू अखंड वर उचलली गेली असती. इथे मध्य वर आला आणि दोन्ही टोके मागे राहिली. चाक जमिनीवरून सुटायच्या आत फट वरच्या बाजूला उघडत गेली आणि पोस्टकार्ड सुटून माझ्या छातीवर पडले. भाच्याने ते उचलले. त्या दिवशी मला त्याला काहीच समजावून सांगावे लागले नाही.

विक्रेत्याला मी वाईट म्हणणार नाही. गाडीचा पूर्वेतिहास त्यालाही ठाऊक नसेल. चहा आला, आणि तो म्हणाला, "काका, साठ वर्षांची गाडी आहे. माणसाचेसुद्धा गुडघे बदलतात." उत्तर हजरजबाबी होते आणि अर्धे खरेही. माझाच डावा गुडघा बदललेला आहे. पण तो बदलल्याचा कागद माझ्या फायलीत आहे, आणि मी तो डॉक्टरांपासून लपवत नाही. मी त्याला म्हटले, "दार बदलले, मडगार्ड बदलले, सिल बदलले, असे लिहून द्या आणि त्या हिशेबाने किंमत सांगा. आम्ही आत्ता घेतो." तो हसला आणि म्हणाला, "मग ती ओरिजिनल कशी राहील?"

माझी सगळी तक्रार त्या एका प्रश्नात आहे. जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचा पत्रा लावणे हा गुन्हा नाही. तसे केले नसते तर निम्म्या जुन्या गाड्या आज रस्त्यावर दिसल्याच नसत्या. इंग्लंडमध्ये तर १९८८ पासून 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' ही संस्था एमजीबीची अख्खी बॉडी नव्याने काढू लागली, तीही कारखान्याचे जुने डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, शोधून काढून त्यांच्यावर. आयुष्यभर डाय पाहिलेल्या माणसाला यापेक्षा गोड बातमी कोणती! अशा नव्या बॉडीची गाडी मी डोळे मिटून घेईन, फक्त बॉडी नवी आहे हे मला सांगा.

आणि 'ओरिजिनल' हा शब्द आता नुसता गप्पांतला राहिलेला नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटून गेलेली, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी, अशी व्याख्या आहे. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. या व्याख्येत 'बॉडी' हा शब्द स्पष्ट आहे. तेव्हा घेणाऱ्याने आरटीओच्या रांगेत उभे राहण्याआधी स्वतः गाडीखाली आडवे झालेले बरे.

भाच्याने पुढे चिकाटीने ब्रिटनमधल्या गेडनच्या मोटार म्युझियमकडून या गाडीच्या नंबरचा दाखलाही मागवला. तिथे कारखान्याच्या जुन्या वह्या जपलेल्या आहेत. दाखल्यात रंग आयरिस ब्लू निघाला. बॅटरीच्या खळग्याने मला तेच सांगितले होते. पण असा दाखला म्हणजे जन्मदाखला. गाडी कशी जन्मली ते त्यात कळते, आज समोर उभ्या असलेल्या पत्र्यातला किती तिचा आहे ते कळत नाही. पोर्शच्या ३५६ गाडीला दारांवर आणि बॉनेटवर आतून नंबरातले शेवटचे आकडे ठोकलेले असत, त्यामुळे दार उपरे आहे की घरचे ते चटकन समजते. एमजीबीच्या दारांना असे काही नाही. तिथे डोळे, तळवा आणि फ्रिजवरचा गणपती, एवढेच.

इथवर मी मोठ्या तोऱ्यात लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. १९८८ मध्ये मी माझी स्टँडर्ड हेरॉल्ड विकली. मद्रासला बनणारी ही दोन दारांची गाडी अनेकांना आठवत असेल. तिचे बॉनेट आणि दोन्ही मडगार्डे मिळून एक अखंड नाक असे आणि ते पुढच्या बाजूला उलटे उघडत असे. खंडाळ्याच्या घाटात एका ट्रकने माझ्या गाडीचे नाक चेपले होते. मी जुन्या बाजारातून एका रविवारी दुसऱ्या हेरॉल्डचे नाक विकत घेतले, हातगाडीवर घालून घरी आणले, आणि रास्ता पेठेतल्या एका रंगाऱ्याकडून असे जुळवून घेतले की मलाच सांधा सापडत नसे. गाडी घ्यायला एक प्राध्यापक आले. भला माणूस. त्यांनी विचारले, "अपघात वगैरे?" मी म्हटले, "किरकोळ." त्या 'किरकोळ'मध्ये एक अख्खे नाक होते. त्यांनी किंमत पाडली नाही, आणि मीही ती पाडू दिली नाही.

पावसाळ्यात त्यांचा एकदा निरोप आला होता, की बॉनेट डाव्या कोपऱ्यात नीट बसत नाही, पाणी आत जाते. मी रबर बदला असे सांगितले. रबराचा दोष नव्हता, हे मला माहीत होते. दोन वेगळ्या गाड्यांचे पत्रे बोल्टवर बसतात, पण एकमेकांशी पटवून घ्यायला त्यांना वेळ लागतो, आणि काहींचे पटतच नाही.

त्या एमजीबीवर भाच्याने पाणी सोडले. ती नंतर दुसऱ्या कोणी घेतली असावी, आणि रविवारी हार घातलेली, लिंबाचा तुरा लावलेली अशी ती आपल्या पुरवणीत मला दिसली. नव्या मालकांची माझी ओळख नाही. त्यांनी प्रेमानेच घेतली असणार, आणि कदाचित हे सगळे त्यांना आजच कळेल. त्यांना एकच विनंती, डाव्या सिलचे काम करून घेईपर्यंत गाडीत चौघांना बसवून सिंहगडाच्या घाटात नेऊ नका. तशीही ती दोघांची गाडी आहे.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या अंकात फोटोखालच्या ओळीची दुरुस्ती छापावी. 'मूळ स्वरूपात' काढून 'हौसेने सांभाळलेली' म्हणा, ते खरे होईल आणि कोणी दुखावणारही नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(निवृत्त, प्रेसशॉप)
नारायण पेठ, पुणे ३०

ता. क. : त्याच ओळीत गाडीचा 'मूळ लाल रंग' असाही उल्लेख आहे. तोही दुरुस्त करावा. डाव्या बाजूला कुठे नखाने खरवडायचे ते मी वर लिहिले आहे.